मशीनमध्ये सापडलेलं गाव

आमच्या ह्यांनी एकोणतीस वर्षांच्या संसारात कधी कुणाला रस्ता विचारला नाही. मुकाट चुकतील, पण गाडीची काच खाली करणार नाहीत. सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली ना! "गोदा, हे रस्ते आम्ही बांधलेत. आता आम्हीच विचारायचं का, हा कुठं जातो म्हणून?" असं वर मलाच ऐकवायचे. मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवते. चोवीस वर्षं झाली, पोरांना नकाशा वाचायला शिकवते, पण घरातल्या माणसापुढं माझा भूगोल कधी चालला नाही. शाळेत मला तोंडाळ म्हणतात. असेन. अशा माणसाशी संसार करून बघा, तुम्हीही व्हाल.

दिवाळीनंतर मात्र जे झालं, त्यात माझंही तोंड बंद पडलं.

आमची उर्वी लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. त्याच क्लासात फिजिक्स शिकवणारा आलोक तिनं पसंत केला. पोरगा गुणी, हसरा, आणि आमच्या पोरीला घाबरून असतो, म्हणजे सगळं चांगलंच. आम्ही देशपांडे, ते लिंगायत, पण त्यावरून आमच्या घरात कुणी कपाळाला आठी घातली नाही. अडचण होती ती आलोकच्या वडलांची, चन्नबसप्पांची. त्यांचं एकच म्हणणं, "पोरीच्या आईबापानं आधी माझ्या उंबऱ्याला यावं. मग बोलू." यात वावगं काहीच नव्हतं. औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला त्यांचं करजसांगवी. भाऊबीज झाली नि पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. आलोकनं कागदावर रस्ता लिहून दिला होता. तो ह्यांनी न वाचताच खिशात घातला.

औशाला फाटा चुकला. मी म्हटलं, "अहो, विचारा ना त्या पानवाल्याला." "कळतंय मला." निलंगा आलं आणि गेलं. "अहो, विचारा!" "पुढं वळण आहे." पुढं वळण कसलं, कानडी पाट्या लागल्या! तिकडून चन्नबसप्पांचा फोन, "कुठवर आलाव?" आणि हे म्हणतात, "हे काय, आलोच." तीनदा फोन आला, तीनदा आलोच म्हणाले. चौथ्यांदा आला नाही. दिवस कलल्यावर आम्ही तोंड लपवत नांदेडची वाट धरली.

तिकडं वीस माणसांचा स्वयंपाक झाला होता. भावकी बोलावली होती. सगळे चार वाजेपर्यंत जेवायचे थांबले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी उर्वीचा फोन आला, तर नुसतं रडणं. चन्नबसप्पांनी आलोकला सांगितलं होतं, "ज्याला यायचंय ते इचारत येतंय. ह्यांनी इचारलं न्हाई, म्हंजी ह्यांला यायचंच नव्हतं. शहरातल्या माणसाला आपल्या गावात काय काम?"

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एवढं बोलले की हे देवळात जाऊन बसले.

दोन महिने आलोकनं बापाच्या नाकदुऱ्या काढल्या, तेव्हा कुठं संक्रांतीनंतरच्या रविवारचं ठरलं. बाराच्या आत यायचं. आलोकनं बरोबर यायचं नाही, रस्ता सांगायचा नाही, फोनवर मदत करायची नाही. यायची तळमळ असेल तर येतील. या खेपेला आले नाहीत तर विषय संपला. निलंग्याचं एक स्थळ चन्नबसप्पांच्या भावानं धरूनच ठेवलं होतं. हे सगळं उर्वीनं मला सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आई, बाबांना एवढंच सांग, माझं दुसरीकडं कुठं मन लागायचं नाही."

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. ह्यांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "गोदा, आपण जीपीएस घेऊ."

"ते काय असतं?"

"मशीन. काचेला चिकटवायचं. ते बोलून रस्ता सांगतं."

"अस्सं! माणसाला विचारायची लाज वाटते, आणि डबड्याला विचारायची नाही वाटत?"

"डबडं आपल्याला हसत नाही," हे म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा नुसता ताठा नाही, माणूस घाबरतो.

वजिराबादेत रियाजचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, टेप, आणि आता हे जीपीएस. रियाज माझा विद्यार्थी. नववीत ह्यानं महाराष्ट्राच्या नकाशात रत्नागिरी नेऊन हिंगोलीच्या शेजारी बसवली होती, आणि आता हा लोकांना रस्ता दाखवायची मशीनं विकतो. काळाचा महिमा, दुसरं काय!

"सलाम बाई! काका, या की," त्यानं खुर्च्या पुसल्या. "जीपीएस? लई खपून राहिलंय. लातूरला लेकरं क्लासला टाकलेले पालक येतात, घेऊन जातात. कुणाला होस्टेल सापडत न्हाई, कुणाला मेस सापडत न्हाई. एका साहेबाला तर स्वतःचा पोरगाच सापडत नव्हता, पण त्याला मशीन काय करणार?"

ह्यांनी पिशवीतून वही काढली. वहीत रकाने आखलेले. पडदा केवढा, बॅटरी किती तास, आवाज कोणत्या भाषेत, काचेला घट्ट चिकटतं का, किंमत काय. रियाजनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. पुढचे आठ दिवस आम्ही रोज त्या दुकानात. त्याचा चहावाला आम्हाला न विचारता दोन कप जास्त आणायला लागला. हे एकेक मशीन उलटंपालटं करून बघत, जसं काही पोरीला स्थळच बघायलेत. तसं होतंही म्हणा.

बाईंचा मान म्हणून रियाजनं तीन मशीनं एकेक दिवस घरी न्यायला दिली. पहिलं परदेशी, अठरा हजारांचं. लोह्याच्या रस्त्याला लागलो तर आतली मॅडम असल्या नाकातल्या इंग्रजीत बोलायची की ह्यांना प्रत्येक वेळी गाडी थांबवून अर्थ लावावा लागायचा. तोवर वळण मागं. दुसरं अकरा हजारांचं. त्यानं कंधारच्या किल्ल्यापाशी बरोबर नेऊन सोडलं, पण त्याचा पडदा काड्यापेटीएवढा. हे गाडी चालवताना चष्मा वर करून त्यात बघायला लागले, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. तिसरं साडेपाच हजारांचं. नाव ना गाव, हैदराबादेहून आलेलं. पण त्यातली बाई हिंदीत बोलायची, आणि काय अदब! "कृपया बाएँ मुड़िए." हदगावला गेलो आणि आलो, एकदाही चुकलं नाही. वळण हुकलं तरी चिडत नव्हती. मला तिचं फार कौतुक वाटलं, मला काही ते जमलं नसतं.

तरी ह्यांचं मन ठरेना. रकाने भरले, बेरजा झाल्या, तरी ठरेना. शेवटी मीच टेबलावर हात आपटला.

"थांबा! आपल्याला लोह्याला जायचंय का कंधारला? जायचंय कुठं? करजसांगवीला. मग ज्याच्यात करजसांगवी आहे, ते घ्यायचं. बाकी वही घाला चुलीत."

रियाज म्हणाला, "बाई, ही बात हाय!" आणि त्यानं तिन्ही मशीनं समोर मांडली. अठरा हजारांच्यात नाव घातलं. नाही. अकरा हजारांच्यात घातलं. किल्लारी होतं, औसा होतं, करजसांगवी नाही. साडेपाच हजारांच्यात घातलं आणि पडद्यावर टिंब आलं. करजसांगवी! मला एवढा आनंद झाला की मी रियाजच्या पाठीत धपाटा घातला.

"बघा! एवढीएवढी गावं आहेत ह्याच्यात. महागाचं घेऊन काय पूजा करायची?"

रियाजनं जरा डोकं खाजवलं. "बाई, तुमच्याशी खोटं बोलणार न्हाई. ह्याचा नकाशा जरा पुराना हाय. नवे बायपास त्यात न्हाईत. सस्ता रोये बार बार, असं म्हणतात आमच्यात."

"पुराना असला तर असू दे की. गावं काय पळून जातात का रे?" मी म्हटलं. आणि आम्ही ते मशीन घेतलं.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. थंडी मी म्हणत होती. हे नवा शर्ट घालून, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ताठ बसले होते. मांडीवर माझ्या पेढ्यांचा पुडा, मागच्या सीटवर साडी आणि फळं. मशीनबाई काचेला चिकटून बोलत होती आणि हे तिचं ऐकत होते. माझं ऐकलं नाही ते ऐकलं नाही, पण ऐकायची सवय तरी लागली, म्हटलं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी, अधूनमधून करडईचे पिवळे पट्टे. हे शीळ घालायला लागले. एकोणतीस वर्षांत मी ह्यांना गाडी चालवताना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. मीही मग गुणगुणले.

साडेनऊला लातूर. लातुरात शिरलं की आधी पोरांचे चेहरे दिसतात, फलकांवर. शंभरपैकी शंभर, नव्व्याण्णव, पुन्हा शंभर. रविवार असूनही रस्ताभर दप्तरं लावलेली लेकरं चाललेली, एका क्लासातून दुसऱ्या क्लासात. उर्वी क्लासच्या दारात उभी होती, बोटांना खडू, दोन तासांच्या मधली पाच मिनिटं काढून आलेली. तिनं खिडकीतून आत वाकून आधी मशीनकडं बघितलं, मग बापाकडं.

"बाबा, पोचाल ना?"

"बाळ, पोचणार," हे म्हणाले. तिनं ह्यांच्या कॉलरची घडी नीट केली आणि आत पळाली. मला गलबलून आलं. एवढ्या मोठ्या वर्गाला दम देणारी आमची पोर, आणि बापापुढं तिचे डोळे असे भरलेले.

औशाला फाटा बरोबर लागला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. हो, खरंच वाजवल्या, ह्यांनी स्टिअरिंग सोडून वाजवल्या. पुढं किल्लारीच्या अलीकडं एक तिठा आला. तिथं पाटी होती, करजसांगवी, आणि बाण उजवीकडं. मशीनबाई म्हणाली, "कृपया बाएँ मुड़िए."

ह्यांनी गाडी थांबवली. "गोदा, पाटी उजवीकडं म्हणते."

इथं मी कबूल करते. ह्यांना शंका आली होती, मला आली नाही. मशीन मी निवडलेलं. आजवर ते एकदाही चुकलं नव्हतं. "पाट्या काय, पोरं फिरवून ठेवतात," मी म्हटलं. "ती डावीकडं म्हणते ना? मग डावीकडं. उगाच शंका काढू नका." आणि आम्ही डावीकडं वळलो.

डांबर संपलं. मग खडी संपली. मग नुसती गाडीवाट राहिली, दोन्हीकडून वेड्या बाभळींचे काटे काचेला घासत होते. अकरा वीस झाले होते. शेवटी एका मोकळ्या जागी मशीनबाई थांबली आणि मोठ्या अदबीनं म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

समोर गाव नव्हतं.

दगड होते. ओळीनं दगडी चौथरे, त्यांवर गवत. एक बुजत आलेली विहीर. एक पार, त्यावर लिंबाचं जुनं झाड. लांब एक छोटंसं देऊळ, चुना लावलेलं, तेवढंच काय ते उभं. कुठं कुत्रं भुंकत नव्हतं, कुठं धूर नव्हता.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्र्याण्णवचा भूकंप! किल्लारीच्या बाजूची सगळी गावं उठवून दुसरीकडं वसवलेली. हे मला ठाऊक नव्हतं का? त्या पहाटे नांदेडला आमची भांडी वाजली होती. आमच्या शाळेनं तीन दिवस भाकरी गोळा केल्या होत्या, मी स्वतः ट्रकपर्यंत टोपल्या वाहिल्या होत्या. नकाशा बदलला म्हणून पुढच्या वर्षी वर्गात धडाही घेतला होता. आणि तीच मी दुकानात तोंड वर करून म्हणाले होते, गावं काय पळून जातात का! भाकरी पाठवल्या आणि विसरून गेलो, दुसरं काय. मला स्वतःची अशी शरम वाटली की मी गाडीतून उतरून एका दगडावर बसले आणि रडायला लागले.

मोबाईलला रेंज नाही. बाराला अर्धा तास उरलेला. हे मला एक शब्द बोलले नाहीत. बोलायची केवढी संधी होती, एकोणतीस वर्षांचा वचपा निघाला असता. नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "गोदा, तिकडं माणूस आहे."

लिंबाच्या पलीकडच्या चौथऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कपाळावर भस्माचे पट्टे. शेजारी कापडात बांधलेलं काहीतरी आणि फोडलेला नारळ. मी उठायच्या आत हे निघाले. दगडांतून अडखळत, नवा शर्ट काट्यांना अडकवत, भराभर गेले. आणि हात जोडून म्हणाले,

"मामा, आम्ही रस्ता चुकलो. जरा सांगता का?"

माझे कान धन्य झाले. रडता रडता मी थांबले. पदरानं डोळे पुसले आणि मीही तिकडं गेले.

म्हाताऱ्यांनी ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुठनं आलाव?"

"नांदेडहून."

"आन् जायाचं कुठं?"

"करजसांगवीला. चन्नबसप्पांकडं."

"काय काम काढलंव त्यांच्याकडं?"

आता हे कसले बोलतायत, शब्द जुळवत बसले असते नि बारा वाजले असते. मीच पुढं झाले. "मामा, मी सांगते. आमची पोर त्यांच्या पोराला द्यायची आहे. दिवाळीत निघालो होतो, ह्या माणसानं कुणाला रस्ता विचारला नाही, कर्नाटक दाखवून आणलं मला. तिकडं वीस माणसं उपाशी बसली, त्याचं मला आजवर गोड लागत नाही. आज वेळेवर यायचं म्हणून हे मशीन आणलं, ते मी निवडलं, आणि त्यानं इथं आणून सोडलं. चूक माझी, ह्यांची नाही. आता बाराच्या आत पोचलो नाही तर चन्नबसप्पा विषय संपवणार. लई हट्टी माणूस आहे म्हणे. आमचे हे हट्टी, ते हट्टी, दोन रेड्यांच्या टकरीत माझ्या लेकराचा जीव चाललाय! मामा, तुमच्या पाया पडते, रस्ता सांगा. नाहीतर गाडीतच बसा आमच्या, मी परत आणून सोडते तुम्हाला."

ह्यांनी माझा पदर मागून ओढला. मी झटकला.

म्हातारे खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, काही दुखतंय का यांना. त्यांनी वर बघितलं तर हसतायत! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतायत.

"रेडा म्हंजी लईच झालं की, ईनबाई," ते म्हणाले. "बैल तरी म्हणायचं."

विहीणबाई! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ह्यांनी पुन्हा पदर ओढला, पण आता काय उपयोग?

"गाडीवर नांदेडचा सव्वीस नंबर बघितला तवाच वळखलं म्या," चन्नबसप्पा टॉवेलनं डोळे पुसत म्हणाले. "म्हटलं, ही माणसं हितं कशी आली? हितं तर भायेरचं कुणीच येत न्हाई."

"तुम्ही इथं कसे?" ह्यांनी विचारलं.

चन्नबसप्पांनी बाजूच्या दगडावर हात ठेवला. आडवा, लांब, मधोमध झिजलेला दगड होता तो.

"हा आमचा उंबरा," ते म्हणाले. "त्या रातीला आई आन् थोरली लेक, गिरिजा, आत निजल्या होत्या. मी, तिची माय, आलोक, आमी रानात. अकरा वर्साची होती गिरिजा. घरात काई चांगलं निगालं की मी आधी हितं येतो. त्यांला सांगतो. गावातली समदीच येतेत तशी, कुणाच्या लग्नाची पैली अक्षत असंल, कुणाला लेकरू झालं असंल. आज पाव्हणं येणार व्हते. म्हटलं, सांगून यावं, आलोकचं जमायलंय म्हणून."

मी तिथंच, त्या दगडाला हात लावून नमस्कार केला. त्या पोरीचं वय आमच्या उर्वीपेक्षा चारच वर्षांनी जास्त असतं आज. ह्यांनीही वाकून नमस्कार केला, आणि पेढ्यांचा पुडा, जो मी गाडीतून उतरतानाही हातात घट्ट धरला होता, तो माझ्याकडून घेऊन उघडला. एक पेढा उंबऱ्यावर ठेवला. जरा थांबून आणखी एक ठेवला.

चन्नबसप्पांचा हट्ट, राग, जे काय दोन महिने साठलं होतं, ते मला वाटतं तेव्हाच गेलं. ते उठले, टॉवेलनं चौथरा झटकला आणि म्हणाले, "हितं वसरी व्हती. बसा. घरी आलेलं पाव्हणं हुबं ऱ्हात न्हाईत."

आम्ही त्या ओसरीच्या जागेवर बसलो. त्यांनी कापड सोडलं. आत शेंगपोळ्या होत्या, शेंगदाण्याच्या, गूळ घातलेल्या. एक तिथं ठेवलेली, बाकीच्या आमच्या हातात दिल्या. लोट्यातलं पाणी दिलं.

"सोळा वर्सं झाली," ते म्हणाले. "सरकारी सायबं आले, फोटोवाले आले. पर पाव्हणं म्हणून ह्या वसरीवर बसलेलं, तुमीच पैलं."

मी एक शेंगपोळी हळूहळू संपवली. फार छान झाली होती. ह्यांनी मात्र दोन खाल्ल्या, आणि तिसरीकडं बघायला लागले. चन्नबसप्पांनी ती ह्यांच्या हातात कोंबली. "खावा. घरी अजून पन्नास हायेत. दिवाळीला शिळ्या झाल्या, आज होऊ देऊ नका."

मग दोघं पुरुष एकमेकांकडं बघून जे हसायला लागले ते थांबेनात. मी आपली कपाळाला हात लावून बसले. म्हटलं, झाले हे दोघं एक. आता माझं काही खरं नाही.

चन्नबसप्पा पुढच्या सीटवर बसले, मी मागं फळांच्या करंडीशेजारी. ह्यांनी मशीनबाई बंद केली. पण एकदा विचारायची चव लागलेला माणूस, आता थांबेना. "इथं डावीकडं का? हा रस्ता कुणाच्या रानातून जातो? तुमची विहीर कुठली? हा बोअर चालू आहे का?" त्यांनी एकेकाचं सविस्तर उत्तर दिलं. सोयाबीनचं काय झालं, कोणत्या वर्षी बोअरला पाणी लागलं, सगळं. तिठ्यावर उजवीकडं वळलो. नवं करजसांगवी दिसलं, सारख्या सारख्या घरांच्या सरळ ओळी, पुढं लोकांनी वाढवलेल्या पडव्या, कुणी दारात रांगोळी घातलेली.

ओसरीवरच्या गप्पांत आणि वाटेत पावणेदोन झाले होते. दारात भावकीतली माणसं उभी होती, तोंडं आंबट. निलंग्याचं स्थळ धरून बसलेले ते भाऊही होते, घड्याळाकडं बघत. आलोकची आई उमादेवी उंबऱ्यापाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. बिचाऱ्या किती वेळ उभ्या असतील कोण जाणे.

भाऊ पुढं झाले. "आप्पा, दोन वाजत आले. बाराचं बोलणं व्हतं. आज बी चुकलेच म्हणा की."

चन्नबसप्पा गाडीतून उतरले. ह्यांच्या खांद्यावर हात टाकला, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकले न्हाईत. आधी आपल्या घरी गेलते, गिरिजेला भेटून आलेत."

उमादेवींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि पाणी पायांवर घालायचं सोडून मला कवटाळलं. आम्ही दोघी दारातच रडलो नि हसलो. मग त्या डोळे पुसत आत वळल्या आणि पुऱ्यांची कढई पुन्हा चुलीवर चढवायला सांगितली.